दहा आठवडे साबाला पाठवायचं असेल, तर अकराव्या आठवड्याचं विचारा

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या एका आईने विचारलं आहे. मुलगी एकोणीस वर्षांची, सयाजीराव विद्यापीठात प्राणिशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला. मलेशियातल्या साबा राज्यात, म्हणजे बोर्निओ बेटाच्या उत्तर टोकाला, दहा आठवड्यांच्या मोहिमेसाठी तिची निवड झाली आहे. काही आठवडे गावात पाण्याची योजना बांधायची, काही आठवडे जंगलात रोपं लावायची आणि प्राण्यांच्या नोंदी घ्यायच्या, शेवटी एक खडतर पायी प्रवास. फी काही लाखांत आहे. वडील म्हणतात जाऊ दे. आजी म्हणतात, "आपल्याकडे कामं संपली का, की पैसे भरून दुसऱ्याच्या देशात खड्डे खणायला जायचं?" आईला तीन गोष्टी हव्या आहेत: याचा तिथल्या लोकांना खरंच उपयोग होतो का, मुलगी सुरक्षित राहील का, आणि पाठवायचं ठरलं तर तयारी काय करायची.

मी कलाभवनातून, म्हणजे इथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून, सिव्हिल केलं, आधी छोटाउदेपूरकडच्या गावांत पाणीयोजनांवर काम केलं, पुढे अशाच मोहिमांत गटप्रमुख म्हणून साबात राहिले. आता इथून जाणाऱ्या मुलामुलींची तयारी करून घेते. तुमच्या घरात सगळ्यांत नेमका प्रश्न आजींनी विचारलाय, म्हणून तिथूनच सुरू करते.

आजींना हे सांगा की परदेशातून येऊन खड्डे खणणारी माणसं आपल्याकडेही आली होती. 15 जानेवारी 1934 च्या भूकंपाने उत्तर बिहार उद्ध्वस्त झाला, तेव्हा पिएर सेरेसोल नावाचा स्विस इंजिनिअर काही सहकाऱ्यांना घेऊन मुझफ्फरपूर भागात आला. पहिल्या महायुद्धानंतर, 1920 मध्ये, ज्या देशांनी एकमेकांची गावं जाळली त्यांच्याच माणसांनी एकत्र येऊन ती पुन्हा बांधावीत म्हणून त्याने स्वयंसेवकांची एक संस्था उभी केली होती. बिहारमध्ये ही मंडळी राजेंद्रप्रसादांच्या मदतकार्याच्या बरोबरीने राबली आणि 1937 पर्यंत येत राहिली. कुठे बांधायचं, कुणासाठी बांधायचं हे ठरवणारी यंत्रणा इथली होती, पाहुणे तिच्या हाताखाली होते. मला चांगल्या मोहिमेची खूण विचारली तर मी आजही एवढंच सांगते.

आज "तरुणांची मोहीम" म्हणून जे चालतं त्याचा साचा पुढे ब्रिटनमध्ये पडला. 1978 ते 1980 या काळात ऑपरेशन ड्रेक ही तरुणांची मोहीम झाली, त्यातून 1984 मध्ये ऑपरेशन रॅले निघालं. नंतर रॅले इंटरनॅशनल या नावाने ते अनेक वर्षं चाललं: साधारण 17 ते 24 वयाची मुलं, एक टप्पा गावात, एक निसर्गात, एक साहसाचा. तुमच्या मुलीच्या मोहिमेची आखणीही तशीच दिसते. ही मूळ संस्था 2022 मध्ये बंद पडली. हे घाबरवायला सांगत नाही. बाहेरून येणारी संस्था कितीही नावाजलेली असली तरी ती उद्या नसू शकते, आणि तिने बांधलेली टाकी मात्र डोंगरावर तशीच उभी असते. म्हणून मी प्रत्येक पालकाला अकराव्या आठवड्याबद्दल विचारायला लावते. मुलं विमानात बसल्यावर ते काम कोण करणार आहे? आणि पहिल्या आठवड्याच्या आधी कोण करत होतं?

पाण्याच्या योजनेवर हे सगळ्यांत स्पष्ट दिसतं. साबातल्या डोंगराळ गावांत पंप नसतो. वरच्या ओढ्यावर छोटा बांध घालतात, गाळणी बसवतात, काळा एचडीपीई, म्हणजे जाड प्लास्टिकचा, पाइप उतरणीवरून आणतात, टाकी बांधतात आणि घरांजवळ नळ काढतात. पाणी उताराने येतं. उंचीत दहा मीटरचा फरक मिळाला की दर चौरस सेंटीमीटरला साधारण एक किलोचा दाब मिळतो. उतार फार झाला तर खालचे सांधे फुटतात, म्हणून मध्ये दाब तोडणारी टाकी लागते. पाइपला उंचवटा आला की तिथे हवा अडकते आणि वर पाणी असूनही नळ कोरडा राहतो. यातलं खणणं, वाहणं, सिमेंट कालवणं एकोणीस वर्षांची मुलगी उत्तम करू शकते. पण झरा कोरड्या महिन्यांत बादली आणि घड्याळ घेऊन मोजला होता का, जमीनमालकाने पाइप न्यायला हो म्हटलंय का, गाळणी दर पावसानंतर कोण साफ करणार आणि तुटलेल्या नळाचे पैसे कुठून येणार, हे मुलं पोचण्याच्या कितीतरी आधी ठरलेलं असावं लागतं.

आपल्या गुजरातेत हे आपण चांगलं शिकलो आहोत. 2002 मध्ये वास्मो, म्हणजे गावांच्या पाणीयोजना बघणारी राज्याची संस्था, सुरू झाली, तेव्हापासून गावाची पाणी समिती आणि लोकवर्गणी या दोन गोष्टींवर योजना उभी राहू लागली. खर्चाचा दहावा हिस्सा गावाने द्यायचा, मग त्या पाइपवर गावाचा डोळा राहतो. छोटाउदेपूरला जे पाहिलं तेच मला साबात दिसलं. एका गावात आमच्या मुलांनी नळाचे खांब नकाशाप्रमाणे उभे करायला घेतले. तिथल्या बायका शांतपणे येऊन म्हणाल्या, नळ हातभर खाली घ्या, पाणी भरायला लहान मुलं येतात. गटातल्या दोघांना नकाशा बदलणं पटेना. गावप्रमुखांनी त्यांना बसवून घेतलं आणि सांगितलं, तुम्ही शुक्रवारी जाणार, या बायका इथेच राहणार. नळ खाली आले. माझ्या मते त्या दिवशी मुलांनी जे शिकलं, त्यासाठी एवढ्या लांब जाणं वाया गेलं नाही. पण ते घडू शकलं, कारण तिथे बोलायला गावप्रमुख होता, समिती होती आणि आम्हाला ऐकणं भाग होतं. जिथे तसं कुणी नसतं तिथे मुलं स्वतःच्या मनाने बांधून येतात.

जंगलातल्या कामाचंही असंच आहे, फक्त तिथे फसगत लवकर कळत नाही. रोपं लावतानाचे फोटो सुंदर येतात. लावणं मात्र सगळ्यांत सोपं. किनाबातांगान ही साबातली 560 किलोमीटर लांबीची नदी. तिच्या काठचं पूरमैदानाचं जंगल तेलताडाच्या लागवडीने तुकड्यातुकड्यांत तोडलं गेलं आहे. ओरांगउटान, लांबनाकी प्रोबोसिस माकडं, बोर्निओचे छोटे हत्ती नदीकाठच्या उरलेल्या पट्ट्यांतून ये-जा करतात. हे तुकडे पुन्हा जोडायचे तर रोपं लावून भागत नाही. पहिली दोन-तीन वर्षं गवत आणि वेली रोपाला गिळतात, पूर येतो, हत्ती तुडवून जातात. पुन्हा पुन्हा जाऊन गवत कापणारा माणूस नसेल तर लावलेलं सगळं मरतं. त्यात तिथल्या मोठ्या डिप्टेरोकार्प झाडांची गोष्ट आणखी अवघड: ती दरवर्षी फळत नाहीत, काही वर्षांनी एकदम सगळी बहरतात, आणि त्यांचं बी साठवून ठेवता येत नाही, थोड्या दिवसांत रुजलं नाही तर जातं. म्हणून रोपवाटिकेतली माणसं जंगलात आपोआप उगवलेली रोपटी उचलून आणून वाढवतात. हे ज्ञान तिथल्याच माणसांकडे आहे. सुकाऊ गावात 1998 पासून ओरांगउटानवर काम चालू आहे, तिथे रोपं लावण्या-जगवण्याचं काम गावातल्या बायकांचा पगारी गट करतो. बातू पुतेह गावात तर सहकारी संस्थाच आहे, पाहुण्यांना घरी ठेवते, कामाला लावते, कुठल्या तुकड्यात काय करायचं ते स्वतः ठरवते. अशा ठिकाणी मुलगी गेली तर ती आधीच चाललेल्या कामात दहा आठवडे हात लावेल आणि बाजूला होईल. मला तेच हवं असतं.

तेव्हा संस्थेला विचारा: मागच्या गटाने लावलेल्या रोपांपैकी आज किती जिवंत आहेत? ज्यांच्याकडे वही आहे ते आकडा देतात, तो कमी असला तरी. ज्यांच्याकडे नाही ते फोटो पाठवतात. प्राण्यांच्या नोंदी कुठे जातात हेही विचारा. साबात संशोधनासाठी जैवसंपदेला हात लावायचा तर राज्याच्या 2000 सालच्या कायद्याप्रमाणे साबा जैवविविधता केंद्राचा परवाना लागतो. तो कुणाच्या नावावर आहे, आणि कॅमेऱ्यांतली माहिती वनखात्याकडे पोचते की लॅपटॉपमध्येच राहते, एवढं कळलं तरी पुष्कळ.

दोन गोष्टी कार्यक्रमात दिसल्या तर मी तुम्हाला सरळ नको म्हणेन. पहिली, वन्य प्राण्याला कडेवर घेणं, बाटलीने दूध पाजणं. ओरांगउटानला आपली सर्दी लागते आणि त्यातून त्याचा जीव जाऊ शकतो. महावानरांपासून किमान सात मीटर आणि कोविडनंतर दहा मीटर अंतर ठेवावं असं जाणकार संस्था सांगतात, ते याचसाठी. सेपिलोकच्या पुनर्वसन केंद्रात 1964 पासून अनाथ पिल्लांना जंगलात परतायला शिकवतात, तिथेही पाहुण्याने लांबूनच पाहायचं असतं. दुसरी गोष्ट, अनाथाश्रमात पंधरा दिवस मुलांना शिकवणं. कंबोडिया आणि नेपाळमध्ये अशा आश्रमांतल्या बहुतेक मुलांचे आईवडील हयात असल्याचं दिसून आलं आहे, पाहुणे येतात म्हणून मुलांना घरातून आणलं जातं. 2019 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने बालहक्कांच्या ठरावात याची दखल घेतली. प्रेमाने भरलेली तरुण मुलं तिथे नकळत फार मोठं नुकसान करून येतात. आणि जी संस्था लहान मुलांच्या गावात पाठवताना तुमच्या मुलीकडून पोलिसांचा चारित्र्य दाखला मागत नाही, ती तिथल्या मुलांची काळजी घेत नाही एवढं समजा. पासपोर्ट सेवा केंद्रामार्फत तो मिळतो.

आता सुरक्षितता. साप आणि जळवा यांचीच भीती सगळ्यांना वाटते. जळवा येतील, रक्त काढतील, त्याने काही होत नाही. जंगलात खरा धोका वरून पडणाऱ्या वाळक्या फांद्यांचा, ओल्या उतारावर पाय घसरण्याचा, नदीचा आणि रस्त्यावरच्या वाहनांचा असतो. झोपायची झोळी बांधण्याआधी मान वर करून झाड बघायचं, ही सवय तिला पहिल्या दिवशी लावतील. संस्थेला विचारा की शेवटच्या छावणीतून रुग्णालय किती तासांवर आहे, गाडी छावणीपाशी उभी असते का, उपग्रह फोन आहे का, गटात प्रथमोपचार शिकलेले कितीजण आहेत, आणि विम्यात माणसाला जंगलातून बाहेर काढण्याचा खर्च धरला आहे का. उत्तर तासांत आणि नावानिशी यायला हवं. "आमचा अनुभव मोठा आहे" हे उत्तर नव्हे.

आजारांमध्ये एक आपल्या ओळखीचा आहे. सुरत, नवसारी, वलसाडला दर पावसाळ्यात लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्यातून जखमेवाटे शिरणारा जंतुसंसर्ग) होतो, तोच. सन 2000 मध्ये साबात इको-चॅलेंज नावाची साहसी शर्यत झाली. डानुम खोऱ्यातून वाहणाऱ्या सेगामा नदीत स्पर्धक पोहले आणि नंतर आपापल्या देशांत तापाने आजारी पडले. ज्या 189 जणांशी संपर्क झाला त्यांतल्या 80 जणांना लेप्टोची लक्षणं होती. धडधाकट, सराव केलेली माणसं होती ती. तेव्हा जखम उघडी ठेवून नदीत उतरायचं नाही, आणि परतल्यावर महिनाभरात ताप आला तर "व्हायरल असेल" म्हणून घरी बसायचं नाही. डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगायचं की मी साबाच्या जंगलात आणि नदीत होते. हे सांगितलं तर ते तिथल्या मलेरियाचाही विचार करतील. साबात आता जो मलेरिया होतो तो मुख्यतः माकडांमधून माणसात येणारा, प्लाझमोडियम नोलेसी. डॉक्सिसायक्लिनसारखी गोळी घ्यायची की नाही, टायफॉइड, हिपॅटायटिस ए, धनुर्वात यांच्या लसी कधी घ्यायच्या, हे निघण्याच्या दीड-दोन महिने आधी डॉक्टरांकडे बसून ठरवा.

मुलीशी पाळीबद्दलही आत्ताच बोला. जंगलातल्या छावणीत पॅड टाकायला जागा नसते, वापरलेले परत वाहून आणावे लागतात. बऱ्याच मुली कप वापरतात, पण त्याची सवय घरी दोन-तीन महिने आधी करावी लागते. गटप्रमुखांमध्ये एक बाई आहे ना, हेही विचारून घ्या. यात संकोच नको.

व्हिसाचं नीट बघा. डिसेंबर 2023 पासून भारतीयांना मलेशियात 30 दिवस व्हिसाशिवाय जाता येऊ लागलं, पण ते फिरायला. दहा आठवडे आणि तेही काम, यासाठी कोणता पास काढणार ते संस्थेकडून लेखी घ्या. साबाची स्वतःची इमिग्रेशन तपासणी आहे, क्वालालंपूरहून आत गेलं तरी साबाची राजधानी कोटा किनाबालूला पुन्हा शिक्का बसतो. "पर्यटक म्हणून सांग" असं कुणी शिकवलं तर तिथेच थांबा.

तयारीसाठी वडोदरा चांगली जागा आहे. जुलैचा आपला दमटपणा साबाच्या जवळ जाणारा आहे. पाठीवर बारा-तेरा किलो घेऊन तिला माचीहून पावागड चढू-उतरू दे, आणि उतरताना मुद्दाम ओल्या बुटांत. पाय कुठे सोलतात ते इथे कळलेलं बरं. जंगलात कपड्यांचा नियम कडक असतो: एक जोड ओला, कामाचा, एक जोड कोरडा, फक्त झोपायचा. सकाळी कोरडे उतरवून पुन्हा ते थंड ओले कपडे अंगावर चढवायचे. हे ज्याला जमतं त्याच्या पायांना बुरशी धरत नाही. खाण्याचं म्हणाल तर भात, नूडल्स, डबाबंद गोष्टी, आणि बऱ्याच भाजीत वाळके मासे किंवा कोळंबीची पेस्ट. शाकाहारी असेल तर आधी कळवा, मेतकूट आणि खाखरे बरोबर द्या. आणि स्वयंपाक पाळीपाळीने करायचा असतो, तेव्हा पंधरा माणसांचा भात स्टोव्हवर लावायला तिला घरी शिकवा. हसू नका, नीट शिजलेल्या भातावर गटाचा दिवस ठरतो.

यापेक्षाही महत्त्वाची तयारी निरीक्षणाची आहे आणि त्यात तुमच्या मुलीला जगात फार थोड्या मुलांना मिळते तशी संधी दारात आहे. कमाटीबागेजवळून वाहणाऱ्या विश्वामित्रीत, भर शहरात, शेकडो मगरी राहतात. ऑगस्ट 2024 च्या पुरात त्या सोसायट्यांमध्ये शिरल्या, तेव्हा त्यांना उचलून परत सोडणारे आपल्याच शहरातले स्वयंसेवक होते. 2025 मध्ये नदीतल्या मगरींची मोजणी झाली. रात्री टॉर्चच्या उजेडात चमकणाऱ्या डोळ्यांवरून मगर मोजायची, तीच मगर दोनदा मोजली जाऊ नये म्हणून वेळ आणि जागा लिहायची. हिवाळ्यात डभोईजवळच्या वढवाणा तलावावर जा. सयाजीरावांच्या काळात सिंचनासाठी बांधलेलं ते पाणी, 2021 मध्ये रामसर यादीत गेलं. तिथे पट्टकदंब हंसांचे थवे मोजायला शिकलेली मुलगी किनाबातांगानच्या होडीत पहिल्या दिवसापासून उपयोगाची ठरते. शिवाय साबातली मुलं तिला विचारतील की तुमच्या गावात काय आहे. तेव्हा तिच्याकडे सांगायला पुष्कळ असेल. आजींच्या प्रश्नाला हे माझं दुसरं उत्तर: इथलं काम आणि तिथलं काम यांत निवड करायची गरज नाही, पण क्रम असावा. जिने विश्वामित्रीच्या काठावर एक रात्रही काढलेली नाही, तिला मी साबाला पाठवण्याची घाई करणार नाही.

बडोदा संस्थानाने 1913 मध्ये भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात शिकायला शिष्यवृत्ती दिली, तेव्हा करारात परतल्यावर दहा वर्षं संस्थानाची नोकरी करण्याची अट होती. परत आल्यावर याच शहराने त्यांना राहायला घर मिळू दिलं नाही, ते दुःख वेगळं आणि मोठं आहे. पण पाठवतानाच परतल्यानंतरच्या कामाचं बोलायचं, ही रीत मला योग्य वाटते. मुलीशी तेवढं बोलून घ्या: आल्यावर ती कुठल्या कामाला किती वेळ देणार. तिने स्वतः ठरवू दे.

राहिली फी. ती काही लाख आहे म्हणून वाईट ठरत नाही, विमान, विमा, गाड्या, प्रशिक्षित माणसं यांना पैसे लागतातच. फोड मागा: त्यातले किती साबात खर्च होतात, गावाला किती मिळतात, आणि साबातली स्थानिक तरुण मुलं याच गटात आहेत का, त्यांची फी कोण भरतं. स्थानिक मुलं बरोबरीने असतील तर माझं मत लगेच अनुकूल होतं, कारण अकराव्या आठवड्यात तीच तिथे असतात. कर्ज काढून मात्र पाठवू नका. नातेवाइकांकडून वर्गणी घ्यायची असेल तर मुलीने स्वतः जाऊन काम समजावून सांगावं आणि परतल्यावर हिशेब द्यावा.

वर विचारलेलं सगळं एका ईमेलमध्ये लिहून मुलीच्या नावाने संस्थेला पाठवा, तुमच्या नावाने नको. उत्तर आठवडाभरात, नेमकं आणि आकड्यांसह आलं तर पाठवा. उत्तराऐवजी "जागा थोड्याच उरल्यात, आगाऊ रक्कम भरा" असा फोन आला तर भरू नका. या वर्षी नाही जमलं तर तिचं वय एकोणीसच आहे. नोव्हेंबरात वढवाण्याला हंस येतील, त्या मोजणीत तिचं नाव घाला आणि पुढच्या हंगामासाठी पुन्हा विचारू.